मायक्रॉन मुलांच्या हातात द्या : खान्देशातील विज्ञान शिक्षकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील शाळा व कनिष्ठ महाविद्यालयांचे मुख्याध्यापक, प्राचार्य आणि विज्ञान शिक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मी टर्नर, म्हणजे लेथवर धातू कातून गोल भाग बनवणारा कारागीर. आयटीआय झाल्यावर लेथपुढे उभा राहिलो आणि ३४ वर्षं त्याच कामात काढली. आता निवृत्त आहे. पुतण्याचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं सकाळी दोन तास जाऊन बसतो. गेल्या उन्हाळ्यात तिथं जे पाहिलं, त्यावरून हे पत्र लिहितो आहे.

एक मुलगा कामाला आला होता. बारावी सायन्स, फिजिक्सला चांगले मार्क, घरची तीन एकर कोरडवाहू, म्हणून पुढे शिकण्याआधी वर्षभर कमवायचं ठरवलेलं. बोलायला नम्र, डोकं तल्लख. मी विचारलं, लीस्ट काउंट म्हणजे काय रे? त्यानं एका दमात सांगितलं: पिच भागिले गोल पट्टीवरचे भाग. अगदी बरोबर. (एका फेऱ्यात स्क्रू जेवढा सरकतो तो पिच; त्याला भागांनी भागलं की यंत्रावर वाचता येणारं सगळ्यात लहान माप मिळतं.) मग मी मायक्रोमीटर, म्हणजे पुस्तकातला स्क्रू गेज, त्याच्या हातात दिला आणि एक पिन मोजायला सांगितली. त्यानं तो सुताराच्या शिकंज्यासारखा धरला, पिन मध्ये घातली आणि थिंबल, म्हणजे फिरवायची नळी, पिळत नेला. थांबेचना. मी त्याचा हात धरून सोडवला. शेवटाला असलेलं, ठरावीक दाबानंतर टिक-टिक करत घसरणारं रॅचेट कशासाठी असतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मान खाली घालून म्हणाला, "काका, आम्ही याची फक्त आकृती काढलीय. हातात कधी धरला नव्हता." कॉलेजात स्क्रू गेज होते, पण कपाटात. जर्नलमधली रीडिंगं सगळ्या वर्गानं फळ्यावरून उतरवली होती.

त्या मुलाचा मला राग आला नाही. त्याच्या शिक्षकांचाही नाही. साठ-सत्तर मुलांची बॅच, दोन तासांचं प्रॅक्टिकल आणि चार गेज, त्यातला एक अडकलेला, हे मी समजू शकतो. पण वाईट वाटलं. कारण या मुलाचं गाव, त्याचं शेत, त्याच्या घरातला कापूस, हे सगळं मायक्रॉनवर चाललं आहे आणि मायक्रॉन त्याला फक्त दहाचा उणे सहावा घात म्हणून भेटला होता.

मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे मायक्रॉन. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. झेरॉक्सचा नेहमीचा कागद १०० च्या आसपास. इथं नावाचा एक गोंधळ आधीच सांगून टाकतो, कारण तो मुलांना फार छळतो. १९६७ मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं 'मायक्रॉन' हे नाव अधिकृत यादीतून काढलं आणि 'मायक्रोमीटर' हेच नाव ठेवलं. पुस्तकात म्हणून मायक्रोमीटर येतं. पण एमआयडीसीत, ठिबकच्या दुकानात, प्लास्टिकच्या पिशवीवर, सगळीकडे मायक्रॉनच चालतो. त्यात ज्या यंत्रानं मोजायचं त्याचं नावही मायक्रोमीटर! एकाच तासाला हे तिन्ही शब्द सांगून मोकळे झालात तर मुलाला पुढे आयुष्यभर अडखळावं लागणार नाही.

आता ठिबकचं घ्या. यावल-रावेर पट्ट्यात केळीचा बाग ठिबकशिवाय कोणी लावत नाही. पंपापाशी फिल्टर असतो आणि त्याच्या जाळीवर लिहिलेलं असतं १२० मेश. शेतकऱ्याच्या मुलाला हा आकडा तोंडपाठ असतो. त्याला फळ्याशी बोलवा आणि विचारा, १२० मेश म्हणजे भोक केवढं? एका इंचात १२० भोकं. इंच म्हणजे २५,४०० मायक्रॉन. भागाकार करून तो म्हणेल, साधारण २१२ मायक्रॉन. पण दुकानदार म्हणतो १३०. मग बाकीचे ८० कुठे गेले? ते तारेत गेले. जाळीला तार असते आणि तारेला जाडी असते. जुन्या फिल्टरच्या जाळीची एक तार सोडवून स्क्रू गेजमध्ये धरायला सांगा. आठ-साडेआठ भाग (एक भाग म्हणजे १० मायक्रॉन) दिसले की त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा होतो. मी हे माझ्या नातवाबरोबर केलं आहे.

पुढचा प्रश्न याहून चांगला आहे. ड्रिपरमधली पाण्याची वाट एक मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे हजार मायक्रॉन. मग १३० मायक्रॉनपर्यंत गाळायची गरज काय? पाचशेचा कण सहज निघून जाईल की! नाही जात. कण एकेकटे येत नाहीत. दोन-तीन कण एकदम तोंडाशी आले की एकमेकांना टेकून कमान धरतात, दाराशी गर्दी अडते तशी, आणि त्यांच्या मागे बारीक गाळ साचत जातो. म्हणून गाळणी वाटेच्या सातव्या ते दहाव्या हिश्शाची ठेवायची असा नियम पडला. माझ्या भावाच्या बागेत एकदा जाळीला बोटभर चीर गेली होती. कोणाच्या लक्षात आलं नाही. पंधरा दिवसांनी टोकाकडच्या दोन ओळींची पानं पिवळी पडायला लागली, तेव्हा सगळे खताला दोष देत बसले होते. ड्रिपर उघडून नखानं खरवडला तर आत मैद्यासारखा गाळ निघाला.

अशीच वाट आणि असाच अडथळा माणसाच्या शरीरातही असतो. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या शाळांमधल्या शिक्षकांना सिकलसेल हा शब्द सांगायची गरज नाही. त्यांच्या वर्गात तो बसलेला असतो. रक्तातली तांबडी पेशी सात-आठ मायक्रॉनची. सगळ्यात बारीक केशवाहिन्या तिच्याहूनही अरुंद असतात. निरोगी पेशी लवचीक असते, घडी घालून पार होते. सिकलसेलमध्ये ती विळ्यासारखी वाकते, ताठर होते, अडकते, आणि मूल हातापायाच्या वेदनेनं कळवळतं. मी डॉक्टर नाही, यापुढचं तेच सांगतील. पण सात मायक्रॉन म्हणजे किती हे ज्या मुलानं स्वतःचा केस मोजून ठरवलं आहे, त्याला आपल्या बहिणीचं दुखणं काय आहे ते जास्त नीट कळेल, एवढं मी खात्रीनं म्हणतो.

कापसाबद्दल मात्र जपून शिकवा. खरेदी केंद्रावर ग्रेडर मायक्रोनेअर सांगतो आणि पुष्कळांना वाटतं की ती धाग्याची मायक्रॉनमधली जाडी. तसं नाही. ठरावीक वजनाचा कापूस एका नळीत दाबून त्यातून हवा सोडतात आणि ती किती अडते यावरून तो आकडा येतो. त्याचं एकक एक इंच तंतूमागे किती मायक्रोग्रॅम, असं आहे. म्हणजे लांबीमागचं वजन. बोंडं नीट पिकली नाहीत, तंतूची भिंत भरली नाही, तर आकडा खाली येतो. तंतू भरड असेल तर वर जातो. साडेतीन ते साडेचारच्या आसपासचा कापूस गिरण्यांना चालतो. मायक्रोनेअर चार म्हणजे चार मायक्रॉन असं मुलानं लिहिलं तर तिथं थांबून दुरुस्त करा, कारण कापसाचा तंतू प्रत्यक्षात १२ ते २० मायक्रॉन रुंद असतो. उद्या केंद्रावर बापाच्या शेजारी उभा राहून हाच मुलगा त्या आकड्याचा अर्थ विचारणार आहे.

प्लास्टिकचं थोडक्यात सांगतो. कॅरीबॅगची किमान जाडी २०१६ च्या नियमांत ५० मायक्रॉन होती, ३० सप्टेंबर २०२१ पासून ७५ आणि ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० झाली. आठवडे बाजारातल्या पिशव्या वर्गात आणून मुलांनी स्वतः मोजाव्यात. टरबुजाखाली अंथरतात तो मल्चिंग पेपर तर २५-३० मायक्रॉनचा असतो. आपल्या गेजवर ते अडीच-तीन भागच होतात आणि अर्धा भाग नजरेनं ठरवायचा म्हणजे चूक आलीच. मग काय करायचं? आठ पदरी घडी घाला, हवा राहणार नाही असा दाबा, मोजा आणि आठानं भागा. आपल्या यंत्राला जे दिसत नाही ते युक्तीनं कसं दाखवायचं, हे शिकणं मला त्या आकड्याहून मोठं वाटतं.

आता माझ्या चुकीबद्दल लिहितो. ती मी अजून विसरलेलो नाही.

नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. मे महिना होता. पत्र्याच्या शेडमध्ये चाळिसाच्या वर पारा. जळगाव-भुसावळचा मे कसा असतो ते आपण जाणता. एका जिनिंगच्या (कापसातून सरकी काढायच्या) यंत्राचा शाफ्ट माझ्याकडे होता. बेअरिंगची सीट, म्हणजे बेअरिंग घट्ट बसतं तो भाग, ५० मिलिमीटरची, आणि ड्रॉइंगवर हद्द दिलेली: किमान ५०.००२, कमाल ५०.०१८. म्हणजे सगळा खेळ १६ मायक्रॉनचा, केसाच्या जाडीचा पाव हिस्सा. मी शेवटचा कट घेतला, पॉलिश मारली, हजारांश वाचणाऱ्या मायक्रोमीटरनं मोजलं. ५०.००८. हद्दीच्या आत. मी खूश. जॉब उतरवला आणि घरी गेलो.

सकाळी फोरमन माझी वाट बघत उभे होते. काही बोलले नाहीत. मायक्रोमीटर माझ्या हातात दिला आणि म्हणाले, मोज. ४९.९९२. मी तीन वेळा मोजलं. शून्य तपासला, सेटिंग रॉड, म्हणजे ठरलेल्या लांबीचा दांडा, लावून पाहिला, पुन्हा मोजलं. ४९.९९२. रात्रीतून शाफ्ट १६ मायक्रॉननं बारीक झाला होता. नवं बेअरिंग त्यावर हातानं सरकत होतं. असं बेअरिंग चालू यंत्रात शाफ्टवर फिरायला लागतं, सीट खातं, आणि शेवटी ऐन हंगामात जिन बंद पडते. शाफ्ट रिजेक्ट.

फोरमननी तेव्हा जे समजावलं ते मला तोवर कोणी सांगितलं नव्हतं. लोखंड तापलं की वाढतं, हे चौथीतलं पोरही सांगेल. गाडीचं लाकडी चाक आणि लोहाराची तापलेली धाव सगळ्यांनी ऐकलेली असते. पण किती वाढतं? पोलाद एक मीटर लांबीला दर अंशामागे साडेअकरा ते बारा मायक्रॉन वाढतं. ५० मिलिमीटरला अर्ध्या मायक्रॉनहून थोडं जास्त. माझा जॉब लेथवरून उतरताना हाताला चटका बसावा इतका गरम होता, मायक्रोमीटर मात्र शेडमधल्या हवेइतकाच. दोघांत साधारण २८ अंशांचा फरक. अर्ध्याहून थोडं जास्त गुणिले २८: सोळा मायक्रॉन. बरोबर तेवढेच. मी शाफ्ट मोजलाच नव्हता, शाफ्ट आणि त्याची ऊब दोन्ही मिळून मोजली होती.

जगभर लांबीची मापं २० अंश सेल्सिअसला धरतात. १९३१ मध्ये ते ठरलं. आपल्याकडे हिवाळ्यातल्या काही सकाळी सोडल्या तर तो आकडा सहसा दिसत नाही. म्हणून खान्देशात अचूक काम करणाऱ्यानं दुप्पट सावध राहायला हवं. जॉब आणि मायक्रोमीटर एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवून थंड होऊ द्यायचे. दोन्ही पोलादाचे असतील आणि एकाच तापमानाला असतील, तर दोन्ही सारखेच वाढतात आणि चूक उरत नाही. मायक्रोमीटरच्या कमानीवर प्लास्टिकची पट्टी का असते, तेही मुलांना विचारा. हाताची ऊब कमानीत जाऊ नये म्हणून. ही पट्टी आकृतीत कोणी काढत नाही.

आणि त्या स्क्रूचं कौतुक मुलांना वाटलं पाहिजे असं मला फार वाटतं. एक आटा अर्ध्या मिलिमीटरचा. थिंबलवर ५० रेघा. एक रेघ सरकली की आतला दांडा फक्त १० मायक्रॉन पुढे जातो, पण थिंबलच्या कडेवर तीच हालचाल सुमारे एक मिलिमीटर दिसते. शंभर पट! भिंग नाही, वीज नाही, सेल नाही. विल्यम गॅस्कॉइन नावाच्या एका तरुण इंग्रज खगोल अभ्यासकानं १६३० च्या दशकाच्या अखेरीस हीच युक्ती दुर्बिणीत बसवली होती, आकाशातली लहान लहान अंतरं मोजण्यासाठी. ऐन तिशीत, १६४४ मध्ये, तो लढाईत मारला गेला. पुढे दोनशे वर्षांनी, १८४८ मध्ये, फ्रान्समध्ये झां लॉराँ पामेरनं हातात मावेल असा स्क्रू गेज केला. आकाशासाठी बसवलेला स्क्रू कारागिराच्या खिशात आला. एवढी गोष्ट सांगायला पाच मिनिटं लागतात, आणि मग गेज हातात घेताना मुलांचा हात आपोआप हलका पडतो.

माझं मागणं मोठं नाही. कपाटातले गेज बाहेर काढा. दोन-तीन मुलांत एक पडेल एवढे घ्या. एका गेजची किंमत मुलांच्या खिशातल्या मोबाइलपेक्षा कितीतरी कमी असते आणि नीट पुसून, तेलाचा हलका हात लावून ठेवला तर तो वीस वर्षं टिकतो. जॉज (वस्तू धरणारी दोन टोकं) बंद ठेवून कपाटात टाकू नका, किंचित फट ठेवा. गंज धरतो तो तिथंच. रॅचेटचा टिक-टिक आवाज ऐकू आल्याशिवाय रीडिंग घ्यायचं नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला. आणि फळ्यावर रीडिंग लिहून देऊ नका. दहा मुलांनी एकच तार मोजली आणि दहा आकडे आले, तर ते दहाही जर्नलमध्ये राहू द्या. त्यांच्यात फरक का आला यावर वर्गात बोला. सगळ्यांचं उत्तर तंतोतंत एकसारखं असेल तर समजा, कोणीच मोजलेलं नाही. परीक्षकांनाही माझी विनंती आहे की अशा खऱ्या, थोड्या वेड्यावाकड्या आकड्यांचे मार्क कापू नका. मुलं खोटं रीडिंग लिहायला शिकतात ती याच भीतीनं.

शून्याची चूक वजा कशी करायची याचं सूत्र घोकवण्याआधी मुलाला रिकामा गेज बंद करून दाखवायला सांगा. रेघ शून्यावर आली नाही की तो स्वतःच विचारेल, सर, हे आधीच दोन भाग पुढे का आहे? हा प्रश्न त्याचा स्वतःचा असेल तर उत्तर तो विसरत नाही. माझ्या पुतण्याकडचा तो मुलगा आता रोज सकाळी काम सुरू करण्याआधी तीनही मायक्रोमीटरचे शून्य तपासतो आणि भिंतीवरच्या कागदावर लिहून ठेवतो. त्याला हे शिकायला चार दिवस लागले. शाळेत दोन तास लागले असते.

कोणत्याही शाळेनं बोलावलं तर मी येईन. मानधन नको, एसटीचा पास आहे. माझा ५० ते ७५ चा मायक्रोमीटर आणि त्याचा सेटिंग रॉड बरोबर आणीन. आणि त्या शाफ्टच्या सीटचा एक तुकडा आणीन. रिजेक्ट झाल्यावर फोरमननी तो कापून मला दिला होता. इतकी वर्षं तेलाच्या कागदात गुंडाळून ठेवला आहे. मुलांनी तो आधी सकाळच्या गारव्यात मोजावा, मग अर्धा तास उन्हात ठेवून पुन्हा मोजावा. फक्त उन्हातून आणल्यावर तो उघड्या हातानं धरायचा नाही, फडक्यानं धरायचा, हे मी आधी सांगेन. बाकी काही सांगणार नाही, त्यांनाच मोजू देईन.

आपला,
एक निवृत्त टर्नर, जळगाव